सकाळी नऊ ते दुपारी एक

सकाळी ६.३०

काल शेकलेली रिळं रात्रभर निवत ठेवली होती, ती आज लावायची आहेत. त्यामुळे चहा हातात असतानाच डोक्यात काम सुरू झालेलं असतं. मी अर्लिंग्टनला राहतो. व्हर्जिनिया राज्यातलं हे ठिकाण. पोटोमॅक नदी ओलांडली की वॉशिंग्टन. जुन्या ध्वनिफिती ठीकठाक करून त्यांतला आवाज संगणकावर उतरवून देणं हा माझा व्यवसाय. चर्चचे गायकवृंद येतात, निवृत्त पत्रकार येतात, आजीचा आवाज पुन्हा ऐकायला मिळेल का असं विचारणारी नातवंडं येतात. आणि या भागात हमखास येणारं गिऱ्हाईक म्हणजे पन्नाशी-साठीतला, केस पिकलेला, काखेत पुठ्ठ्याचं खोकं घेतलेला माणूस. "आमचा एक बँड होता," तो सांगतो.

तसंच एक खोकं सध्या माझ्याकडे आहे. १९८९-९० च्या सुमाराचं, कधीच बाजारात न आलेलं ध्वनिमुद्रण. ते हातात घेतल्यापासून जाता-येता मी एकच अल्बम ऐकतो आहे, फुगाझी या बँडचा 'रिपीटर'. तोही त्याच काळातला आणि याच गावात ध्वनिमुद्रित झालेला. त्या काळी इथे ड्रम कसे वाजायचे, गिटार किती पुढे ठेवायचे, हे कानात बसलेलं असलं की अनोळखी फीत हाताळणं सोपं जातं. धंद्याचं कारण एवढंच. पण मला तो अल्बम मनापासून आवडतो, आणि कामावर जाताना ऐकायला त्याच्याइतकं चांगलं माझ्याकडे दुसरं काही नाही.

सकाळी ७.१५

बसमध्ये खिडकीजवळची जागा. पहिलं गाणं 'टर्नओव्हर'. गिटारचा सूर लांबून पुढे येतो, मागे जातो, पुन्हा पुढे येतो, आणि मग अचानक बास आणि ड्रम एकदम उतरतात. ज्यांनी हे संगीत कधी ऐकलेलं नाही त्यांना थोडी पूर्वपीठिका सांगायला हवी. १९८० च्या आसपास वॉशिंग्टनच्या शाळकरी वयाच्या मुलांनी हार्डकोअर नावाचं संगीत वाजवायला सुरुवात केली: दीड-दोन मिनिटांची गाणी, वेग बेफाम, आवाज किंचाळण्याच्या बेतातला. मायनर थ्रेट हा त्यातला सगळ्यात गाजलेला बँड. तो १९८३ मध्ये संपला. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याच मुलांना नुसता वेग अपुरा वाटू लागला. सांगण्यासारखं जास्त होतं, आणि प्रेक्षकांतली मारामारी त्यांना नकोशी झाली होती. तेव्हा त्यांनी त्वेष तसाच ठेवून गाणी मोकळी केली. मध्ये थांबे आले, शांतता आली, बासला स्वतःची चाल मिळाली. यालाच पुढे पोस्ट-हार्डकोअर म्हणू लागले.

फुगाझीचा पहिला कार्यक्रम वॉशिंग्टनच्या विल्सन सेंटरमध्ये सप्टेंबर १९८७ मध्ये झाला. मायनर थ्रेटचा गायक इयन मॅकाय इथे गिटार वाजवत होता आणि गातही होता. जो लॅली बासवर, ब्रेंडन कॅन्टी ड्रमवर. गी पिचोटो थोड्याच दिवसांत आला, पण सुरुवातीला तो फक्त गायचा. दोन छोटी ध्वनिमुद्रणं झाल्यावर 'रिपीटर' हा त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा अल्बम १९९० मध्ये आला आणि त्यात पिचोटोच्या हातातही गिटार आली. त्या एका बदलाने बँडचा सगळा बांधा बदलला. ११ गाणी, सुमारे पस्तीस मिनिटं. माझा बसचा प्रवास गाडी रेंगाळली नाही तर चौथ्या-पाचव्या गाण्यापर्यंत जातो.

सकाळी ८.१५

खोली उघडली की आधी यंत्राची सफाई. कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन फीत जिथे जिथे टेकते ती प्रत्येक जागा पुसायची: हेड, मार्गदर्शक खुंट्या, कॅपस्टन. रबराच्या चाकाला वेगळं द्रव्य, कारण अल्कोहोलने रबर कडक होतं. मग हेडमध्ये साठलेलं चुंबकत्व काढून टाकायचं. त्यानंतर नमुन्याची फीत लावून ठरावीक कंपनसंख्येचे सूर वाजवायचे आणि हेडचा कोन स्क्रूने केसभर इकडेतिकडे करत जुळवायचा. हा कोन चुकला की झांजांची धार पहिल्यांदा जाते.

काल शेकलेल्या रिळांची गोष्ट अशी. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही फितींवर चुंबकीय चूर्ण धरून ठेवणारा चिकट थर हवेतला ओलावा शोषतो. तीस वर्षांनी अशी फीत यंत्रावर घातली तर ती हेडला चिकटते, किंचाळते आणि तपकिरी राळ सोडत जाते. त्या राळेतच गाणं असतं. म्हणून ती वाजवण्याआधी चोपन्न-पंचावन्न अंश सेल्सियसवर आठ तास किंवा त्याहून जास्त मंद शेकायची, तेवढाच वेळ निवू द्यायची. त्यानंतर काही आठवडे ती नीट वाजते. तेवढ्यात काम उरकायचं. घाई केली तर फीत जाते, आणि हलगर्जी केली तरी जाते.

सकाळी ९.००

नऊ वाजता मी पहिलं रीळ लावतो, आणि 'रिपीटर'ची जी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते ती इथेच सांगतो.

१९८९ च्या उन्हाळ्यात हा अल्बम इनर इअर स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. स्टुडिओ डॉन झिएंटारा यांचा, आणि तेव्हा तो अर्लिंग्टनमधल्या त्यांच्या राहत्या घराच्या तळघरात होता. निर्मितीची बाजू बँडबरोबर टेड नाइसली सांभाळत होते. हे नाइसली त्या सुमारास स्वयंपाकाचं शिक्षण घेत होते. दुपारनंतर त्यांचे वर्ग. म्हणून ध्वनिमुद्रणाची वेळ ठरली सकाळी नऊ ते दुपारी एक.

रॉक संगीताच्या कोणत्याही माणसाला हे सांगून पाहा. रॉकचा अल्बम म्हणजे रात्र, धूर, पहाटेपर्यंत चाललेला घोळ, अशी एक समजूत जगभर घट्ट बसली आहे. इथे चार तरुण सकाळी नऊला तळघरात उतरायचे, अंगात होता नव्हता तेवढा जोर काढून वाजवायचे आणि एक वाजता तंत्रज्ञाच्या शेजारी बसलेला माणूस सुरी-कढईच्या वर्गाला निघून जायचा. चार तासांत ड्रमचा एक सलग, न चुकलेला फेरा मिळवायचा म्हणजे गाणी आधीच हाडीमाशी भिनलेली हवीत. ती तशी होती, कारण हे लोक सतत कार्यक्रम करत होते. स्टुडिओत जाऊन गाणं शोधण्याची चैन त्यांना नव्हती, आणि मला वाटतं त्यांना ती नकोही होती. अल्बममध्ये जो ताण ऐकू येतो, एकही स्वर फुकट न घालवण्याचा, तो या घड्याळातून आला असणार असं माझं ठाम मत आहे. या बँडच्या संतापाला वेळापत्रक होतं.

सकाळी नऊला घसा जड असतो. मॅकाय तरीही 'स्टायरोफोम'मध्ये ओरडतो तेव्हा प्रत्येक शब्द कळतो.

सकाळी ९.४०

फीत चालू लागली. अशा वेळी मी काही बोलत नाही, फोन बंद. सेकंदाला पंधरा इंच वेग, रिळात अडीच हजार फूट फीत, म्हणजे सुमारे तेहतीस मिनिटं. एका बैठकीत पूर्ण रीळ, मध्ये थांबायचं नाही. हातात पेन्सिल आणि कागद. कुठे खरखर आहे, कुठे फितीचा जोड आहे, कुठे एका थरातला आवाज शेजारच्या थरावर उमटून गाण्याआधीच त्याची पुसट सावली ऐकू येते, हे वेळेसह टिपून ठेवायचं.

या अनाम बँडचं वाजवणं प्रामाणिक आहे, पण दोन्ही गिटारवादक सारखंच वाजवतात. दोघे मिळून एक जाड भिंत उभी करतात आणि बास त्या भिंतीमागे गुदमरतो. 'रिपीटर'शी ताडून पाहिलं की फरक लख्ख दिसतो. फुगाझीत मॅकाय आणि पिचोटो एकमेकांच्या अंगावर पडत नाहीत. एकाने जाड, कोरडा ठोका दिला की दुसरा वर पातळ, टोचणारे सूर काढतो. एक थांबला की दुसरा बोलतो. मधली जागा जो लॅलीच्या बासला मोकळी, आणि गाण्याची खरी चाल पुष्कळदा तिथेच असते. ड्रमभोवती प्रतिध्वनीचा फुगारा नाही. ऐंशीच्या दशकात दर दुसऱ्या अल्बमवर ड्रम गुहेत वाजल्यासारखे यायचे. इथे तळघर तळघरासारखंच ऐकू येतं.

कॅन्टीच्या ड्रमच्या संचात एक मोठी घंटाही असायची. कार्यक्रमांच्या चित्रफितींमध्ये ती दिसते. पुण्याच्या ढोल-ताशा पथकात शेकडो हातांच्या गडगडाटातून टोल जसा वेगळा कानावर येतो, तशी ती गोंगाटातून आरपार येते. मला या बँडच्या ड्रमरबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली ती त्या घंटेमुळे.

दुपारी १.००

पोळी, भेंडीची भाजी, दही. स्टुडिओची वेळ आता संपली असती.

खाताना 'मर्चंडाइज' ऐकतो. वस्तूंनी माणसाला विकत घेण्याबद्दलचं गाणं. अशी गाणी अनेकांनी लिहिली आणि कार्यक्रमाच्या दाराशी त्याच गाण्याचे टी-शर्ट विकले. फुगाझीने टी-शर्ट कधी काढलेच नाहीत. कार्यक्रमाचं तिकीट पाच डॉलरच्या आसपास राहील आणि कोणत्याही वयाच्या मुलाला आत येता येईल, यासाठी ते अडून बसत. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी असं संगीत दारूच्या अड्ड्यांवरच वाजतं, आणि तिथे एकवीस वर्षांखालच्यांना दार बंद. पंधरा वर्षांच्या मुलाला त्याचंच संगीत ऐकता येऊ नये, हे त्यांना मान्य नव्हतं. मग चर्चची सभागृहं, शाळा, व्यायामशाळा अशा जागा शोधायच्या. गावात कार्यक्रम असला तर तो बहुतेकदा एखाद्या संस्थेच्या मदतीसाठी किंवा फुकट.

अल्बम त्यांच्याच डिस्कॉर्ड या कंपनीने काढला. मॅकाय आणि त्याच्या मित्रांनी ती १९८० मध्ये सुरू केली, आणि तिचा कारभार इथेच, अर्लिंग्टनमधल्या एका घरातून चालायचा. तबकडीच्या वेष्टनावर टपालखर्चासह किंमत छापलेली असायची, म्हणजे दुकानदाराने जास्त मागितले तर गिऱ्हाइकाला कळावं. पुढे मोठ्या कंपन्या मागे लागल्या. अटलांटिक रेकॉर्ड्सचे सहसंस्थापक अहमत एर्टेगन १९९३ मध्ये स्वतः येऊन भेटले. बँडने नकार दिला. मला यात त्यागापेक्षा हिशेब जास्त दिसतो, चांगल्या अर्थाने: खर्च कमी ठेवला की कुणाचं ऐकावं लागत नाही. गाडी स्वतःची, सामान स्वतः उचलायचं, कंपनी स्वतःची. नऊ ते एक ही वेळ पाळणाऱ्या माणसांना हे अवघड गेलं नसावं.

दुपारी २.३०

खोक्याचे मालक आले. नाव लिहीत नाही. त्यांच्या बँडमध्ये ते ड्रम वाजवायचे. आता शाळेत गणित शिकवतात. मी सकाळचं ध्वनिमुद्रण लावलं. पहिला ठोका ऐकला आणि त्यांचा उजवा पाय खाली, नसलेल्या पेडलवर, आपोआप हलला. गाणं संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत.

मी विचारलं, "हे नक्की कोणत्या सालचं? खोक्यावर काहीच लिहिलेलं नाही."

"एकोणनव्वद असेल. किंवा नव्वद. गायक कोण होता तेही आठवावं लागेल, आमच्याकडे दोघं होते."

फुगाझीचे कार्यक्रम त्यांनी पुष्कळ पाहिलेले. त्यांच्या आठवणीत ठसलेली गोष्ट संगीताची नव्हती. पुढच्या रांगेत कुणी दुसऱ्यांना ढकलू-मारू लागलं की बँड गाणं थांबवायचा, त्या माणसाशी माइकवरून सरळ बोलायचा, आणि ऐकलं नाही तर तिकिटाचे पाच डॉलर पाकिटात घालून हातात द्यायचा आणि बाहेर पाठवायचा. "त्यामुळे माझी धाकटी बहीण पुढे उभी राहू शकायची," ते म्हणाले. मारामारीने त्या काळी कित्येक मुलींना आणि लहान मुलांना भिंतीकडे ढकललं होतं. गाणं मध्येच तोडायला धैर्य लागतं. मला तर ते गाणं पूर्ण करण्यापेक्षा अवघड वाटतं.

दुपारी ४.००

दुसरं रीळ. हे शेकून पूर्ण बरं झालेलं नाही. शेवटच्या तीन मिनिटांत हेडवर तपकिरी रेघ उमटली. थांबवलं, पुसलं, परत ओव्हनमध्ये. उद्या बघू.

रिकामा मिळालेला वेळ मी अल्बमच्या दुसऱ्या बाजूला देतो. शीर्षकगीत पहिल्या बाजूला आहे, त्याबद्दल आधी एक सांगून टाकतो. १९८९ मध्ये एकट्या वॉशिंग्टन शहरात चारशेहून अधिक खून झाले. क्रॅक नावाच्या स्वस्त कोकेनने वस्त्याच्या वस्त्या पोखरल्या होत्या आणि वर्तमानपत्रं रोज आकडा छापत होती. 'रिपीटर' हे गाणं त्या आकड्यांत हरवलेल्या माणसाच्या तोंडून येतं. व्हाइट हाउसपासून चालत जाण्याच्या अंतरावर जे चाललं होतं ते याच शहरातल्या मुलांनी गाण्यात आणलं. हीच माणसं जानेवारी १९९१ मध्ये, आखाती युद्ध तोंडावर असताना, व्हाइट हाउससमोरच्या लाफायेट चौकात उघड्यावर, कडाक्याच्या थंडीत वाजवायला उभी राहिली.

दुसऱ्या बाजूचा शेवट 'शट द डोअर'. जवळपास पाच मिनिटांचं गाणं, अल्बममधलं सगळ्यात संथ. अमली पदार्थाने गेलेल्या माणसाबद्दलचं. बास हलक्या पावलांनी येतो, गिटार तारेवर नुसतं बोट ठेवल्यासारखी. आवाज इतका खाली की माझ्या खोलीतल्या यंत्राचा पंखा ऐकू येतो. मग सगळे एकदम फुटतात, पुन्हा गप्प होतात. हा प्रकार पुढे नव्वदच्या दशकात इतक्या बँडनी वापरला की त्याची चटक जाऊन सवय झाली. इथे तो सवयीचा वाटत नाही, कारण शांत भागातही कुणी विसावलेलं नाही. मला विचाराल तर हा अल्बम या एका गाण्यासाठी घ्यावा.

उणंही सांगायला हवं. मधली दोन-तीन गाणी एकाच चणीची आहेत, आणि 'रीप्रोव्हिजनल' ही त्यांच्याच जुन्या गाण्याची दुसरी आवृत्ती अल्बममध्ये नसती तरी चाललं असतं. नंतरच्या काळातला 'रेड मेडिसिन' किंवा २००१ चा 'द आर्ग्युमेंट' संगीत म्हणून अधिक श्रीमंत आहेत. तरी सुरुवात 'रिपीटर'पासूनच करावी.

संध्याकाळी ६.३०

शेजारच्या देशपांड्यांचा मुलगा बास घेऊन आला. वय सोळा, जन्म इथला, मराठी घरापुरतं पण चांगलं. तिघा मित्रांनी बँड काढला आहे आणि त्यांना स्वतःचा अल्बम करायचा आहे.

"काका, स्टुडिओला किती तास लागतील?"

"गाणी तयार आहेत का?"

"अर्धी."

"मग अजून स्टुडिओ नको. आधी तीच गाणी वीस जणांसमोर वाजवा. कुठेही. मंडळाच्या हॉलमध्ये विचार."

त्याला फुगाझीचं 'वेटिंग रूम' हे गाणं येत होतं, सगळ्यांना तेच येतं. मी त्याला 'टर्नओव्हर'च्या बासवर बसवलं. बोटं जमली, थांबे जमेनात. ड्रम थांबले की तो पुढे जायचा. मी हाताने टेबलावर ठेका धरला आणि मध्येच हात वर उचलून ठेवला. त्याने पुन्हा पुढे उडी मारली. तासाभराने एकदाच, फक्त एकदाच, आम्ही दोघं बरोबर थांबलो आणि बरोबर सुरू झालो. तो इतका खूश झाला की जेवायला थांबायचं सोडून मित्रांना सांगायला पळाला.

रात्री ९.००

आजची नोंद लिहायची. रीळ, वेग, तारीख, काय केलं, काय राहिलं. ओव्हन आठ तासांवर लावून दिवे बंद.

फुगाझीने नोव्हेंबर २००२ नंतर कार्यक्रम केलेला नाही. तोवर एक हजाराहून जास्त झाले होते, आणि त्यांतल्या आठशेहून अधिक कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण त्यांच्याकडे होतं: आधी कॅसेटवर, मग डिजिटल फितीवर. प्रत्येकावर गाव आणि तारीख. २०११ पासून ते सगळं एकेक करून लोकांसाठी खुलं झालं, कार्यक्रमामागे पाच डॉलर अशा सुचवलेल्या दराने. ज्या शिस्तीने ते नऊला तळघरात उतरत होते, तीच शिस्त रात्री सामान गाडीत भरताना कॅसेटच्या डबीवर तारीख लिहीत होती. इनर इअर १९९० मध्ये तळघरातून साउथ ओकलंड स्ट्रीटवर गेला आणि २०२१ मध्ये, अर्लिंग्टनच्या स्थानिक प्रशासनाने ती जागा घेतल्यावर, बंद झाला. तिथलं काम मात्र शाबूत आहे, कारण ज्याचं त्याने नीट जपलं.

तेव्हा वाचकांना एक विनंती. तुमच्या घरी कपाटात कॅसेट किंवा रिळं असतील, आजोबांचं कीर्तन असो, कॉलेजच्या बँडची तालीम असो, गणेशोत्सवातलं नाटक असो, तर ती आधी वाजवून बघू नका. जुनी फीत चिकट झाली असेल तर पहिल्याच फेऱ्यात जाईल. कोरड्या जागी, उभी ठेवा, जाणकाराला दाखवा. आणि आजच एक काम करा: ज्यांना आठवतंय अशी माणसं घरात आहेत तोवर प्रत्येक डबीवर साल, गाव आणि गाणाऱ्याचं नाव लिहून ठेवा.